एकसर : साष्टीतील एक गाव आणि तेथील वीरगळ

मुंबईच्या उत्तर उपनगरांतील बोरिवली स्थानकापासून वायव्येस सुमारे एक मैलावर एकसर नावाचे गाव आहे. गाव आहे असे म्हणण्यापेक्षा होते असे म्हणणे कदाचित अधिक यथार्थ ठरेल. कारण शेते, आमराया आणि तळी यांनी वेढलेली जी वस्ती मागील शतकातील प्रवाशांनी पाहिली तिची जागा आता उंच इमारतींनी घेतली आहे. महसुली दप्तरात मात्र एकसर हा मौजा आजही स्वतंत्र आहे, आणि २ एप्रिल २०२२ रोजी मेट्रोचा नवा मार्ग सुरू झाला तेव्हा त्यावरील एका स्थानकास हेच नाव मिळाले. त्या स्थानकावर रोज उतरणाऱ्या सहस्रावधी लोकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की कोकणच्या आरमारी इतिहासाचे एक दुर्मिळ शिल्पमय साधन येथून फार दूर नाही. त्या साधनाचा, म्हणजे एकसरच्या वीरगळांचा, विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा मुख्य हेतू आहे. परंतु दगड जेथे उभे आहेत त्या भूमीची ओळख करून घेतल्याविना दगडांचा अर्थ लागणे कठीण. म्हणून आरंभी थोडे भूगोलाविषयी.

साष्टी म्हणजे ‘षट्षष्टी’, सहासष्ट गावांचा प्रदेश. शिलाहारांच्या ताम्रपटांत हा ‘षट्षष्टी विषय’ वारंवार येतो. भांडुप येथे सापडलेल्या छित्तराजाच्या ताम्रपटात (शके ९४८, इ.स. १०२६) या विषयातील एका गावातील शेताचे दान नोंदलेले आहे. परळ येथील दुसऱ्या अपरादित्याच्या शिलालेखात (इ.स. ११८७) माहवलीच्या, म्हणजे आजच्या माहुलच्या, बागेचा उल्लेख आहे. या बेटाच्या मध्यभागी कान्हेरीचा डोंगर आहे. त्याच्या पश्चिम उतारावरून दोन लहान नद्या खाली येतात : उत्तरेकडील दहिसर नदी व दक्षिणेकडील पोईसर नदी. या दोहोंच्या मधल्या सखल पट्ट्यात एकसर वसले आहे. पश्चिमेस भरतीचे पाणी, खारफुटी आणि मनोरीची खाडी. खाडीपलीकडे गोराई, आणि त्यापलीकडे उघडा समुद्र. दहिसर, पोईसर, एकसर ही तिन्ही नावे ‘सर’ या एकाच पदाने संपतात, ही गोष्ट स्थलनामांच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये. ‘सर’ म्हणजे सरोवर की प्रवाह, हा प्रश्न येथे सोडवीत नाही. पण पाण्याशी या नावांचा संबंध असावा असे भूमीच्या रचनेवरून सहज वाटते.

भातशेती, आंबा व ताड, खाडीतील मासळी आणि मीठ ही या पट्ट्याची जुनी उपजीविका. आगरी, कोळी, भंडारी आणि पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले, पुढे ‘ईस्ट इंडियन’ म्हणून ओळखले जाऊ लागलेले शेतकरी ही येथील जुनी वस्ती. पूर्वेस मागाठाणे येथे बौद्ध लेणी आहेत; कान्हेरीच्या एका लेखात ज्या मंगलस्थानातील शेत संघास दिल्याचे सांगितले आहे ते हेच मागाठाणे, असे सामान्यतः मानले जाते. उत्तरेस, दहिसर नदीच्या काठी, मंडपेश्वराचे शैव लेणे आहे. एका फेरफटक्यात बौद्ध, शैव, ख्रिस्ती असे तीन युगांचे अवशेष दाखविणारा इतका लहान टापू साष्टीत दुसरा क्वचितच असेल.

मंडपेश्वराविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण एकसरच्या दगडांचे भाग्य त्या शेजाराच्या संदर्भात अधिक स्पष्ट होते. इ.स. १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाने वसई व तिच्याबरोबर साष्टी पोर्तुगीजांच्या हवाली केली. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन पंथाचा अंतोनियो दो पोर्तो या भागात आला. मंडपेश्वराचे लेणे ख्रिस्ती उपासनेसाठी घेण्यात आले, आणि त्याच्या माथ्यावर मठ व विद्यालय उभे राहिले. लेण्यातील एका भिंतीवर जुने शिल्प तासून कोरलेला मोठा क्रूस आजही दिसतो. त्याच लेण्यातील नटराजाचे भव्य शिल्प मात्र पुष्कळ अंशी वाचले आहे. इ.स. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत साष्टी व वसई मराठ्यांकडे आली आणि मठाची रया गेली. इ.स. १७६० मध्ये फ्रेंच विद्वान आंकेतिल द्यु पेरों साष्टीतील लेणी पाहत हिंडला तेव्हा हा प्रदेश मराठ्यांच्याच अमलाखाली होता. पुढे १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतले व १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. इतक्या उलथापालथींत, ज्या मठाने जवळच्याच लेण्याचे रूप बदलले त्याच्या सावलीत, एकसरचे शैव वीरगळ उभे राहू शकले ही गोष्ट लक्षणीय आहे. त्यांस पूजास्थान न मानता केवळ थडग्याचे दगड मानले गेले असावे, असा तर्क करावासा वाटतो. परंतु तो तर्कच आहे.

आता मुख्य विषयाकडे वळू.

१८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये या दगडांचे तपशीलवार वर्णन आले आहे. त्या वेळी गावच्या एका तळ्याच्या पश्चिम काठावर, आमराईच्या सावलीत, काळ्या पाषाणाच्या सहा शिळा ओळीने उभ्या होत्या. त्यांपैकी चार सुमारे दहा फूट उंच व तीन फूट रुंद, उरलेल्या दोन त्याहून लहान. या मापांकडे प्रथम लक्ष द्यावे. देशावर व कोकणात गावोगाव जे वीरगळ दिसतात ते बहुधा कमरेइतके किंवा छातीइतके उंच असतात. गाईंच्या रक्षणार्थ किंवा गावावरील धाडीत पडलेल्या एखाद्या शिपायाचे ते स्मारक असते. दहा फुटांचा कोरीव वीरगळ ही सामान्य गोष्ट नव्हे. खाणीतून एवढी शिळा काढणे, ती वाहून आणणे, तिच्यावर अर्ध्या फुटाच्या शेकडो आकृती कोरविणे, हे काम एखाद्या गावकऱ्याच्या कुटुंबाच्या ऐपतीपलीकडचे आहे. ज्यांच्यासाठी हे दगड उभे केले ते वीर मोठ्या पदावरचे होते, आणि ज्यांनी उभे केले त्यांच्या हाती द्रव्य व सत्ता होती, एवढे मापांवरूनच निश्चित म्हणता येते.

वीरगळ हा खालून वर वाचावयाचा असतो. सर्वांत खालच्या पट्टीत युद्ध व वीराचा मृत्यू. तिच्यावर अप्सरा त्याला उचलून नेत आहेत असे दृश्य. त्याच्यावर शिवलोकात वीर लिंगाची पूजा करीत आहे. आणि माथ्यावर कलश. एकसरच्या शिळांवर या नेहमीच्या क्रमाचा विस्तार झालेला आहे. काहींवर दोनच पट्ट्या आहेत, तर काहींवर त्यांची संख्या आठपर्यंत जाते. माथ्यावरच्या मोठ्या कलशाच्या बाजूंना फिती लोंबत आहेत आणि आकाशातून माळा घेऊन येणाऱ्या आकृती आहेत. म्हणजे कथा तीच, पण सांगणारा सावकाश सांगतो आहे. धाडीचे प्रसंग एकामागून एक येतात, वीर एकदाच नव्हे तर क्रमाक्रमाने संकटात सापडतो, आणि मग पडतो.

सहापैकी दोन शिळांवर जमिनीवरील लढाई आहे. तीत धनुर्धर, ढालतरवारीचे पायदळ, घोडेस्वार आणि हत्ती आहेत. उरलेल्या चार शिळांवर समुद्रातील युद्ध कोरले आहे. त्यांपैकी एका शिळेच्या खालच्या पट्टीत उंच नाळीची पाच जहाजे शत्रूवर चालून जात आहेत. प्रत्येकास डोलकाठी आहे आणि एकेका बाजूस नऊ वल्ही आहेत. वरच्या फळीवर धनुर्धारी उभे आहेत. त्यावरील पट्टीत जहाजे एकमेकांना भिडली आहेत आणि माणसे पाण्यात कोसळत आहेत. दुसऱ्या एका शिळेवर जहाजांची संख्या याहून बरीच मोठी आहे. त्याही वर तोच शिवलोक, तीच लिंगपूजा, तेच कैलासातील शिवपार्वती. समुद्रात पडलेल्या वीरालाही शिल्पकाराने रणांगणावर पडलेल्या वीराचीच गती दिली आहे.

जहाजांविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण या शिळांचे खरे मोल तेथे आहे. भारतीय शिल्पांत व चित्रांत जहाजे अगदीच नाहीत असे नाही. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील तीन डोलकाठ्यांचे जहाज प्रसिद्ध आहे; जावातील बोरोबुदूरच्या भिंतींवरील जहाजे त्याहून प्रसिद्ध. पण ती व्यापारी जहाजे, प्रवासाची जहाजे. लढणारी जहाजे, ताफ्याने चालून येणारी, वल्ह्यांच्या बळावर वेग घेणारी, दाखविणारे शिल्प फारच दुर्मिळ. गोव्यात कदंबांच्या काळातील असे काही वीरगळ मिळाले आहेत आणि ते तेथील संग्रहालयांत सुरक्षित आहेत. एकसरच्या शिळा त्यांच्या शेजारी ठेवून अभ्यासण्याजोग्या आहेत. वल्ह्यांची ही रांग आपल्याला काय सांगते? युद्धाचे जहाज वाऱ्यावर विसंबून राहत नव्हते. खाडीच्या तोंडाशी, ओहोटीभरतीच्या पाण्यात, जेथे शीड उपयोगी पडत नाही तेथे ते फिरविता येत असले पाहिजे. मनोरीची, वसईची, ठाण्याची खाडी ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. तथापि एक सावधगिरी बाळगावी. शिल्पातील जहाजांची संख्या म्हणजे आरमाराची मोजदाद नव्हे. पट्टीत जितकी मावली तितकी शिल्पकाराने कोरली.

हे युद्ध कोणाचे? वीराचे वा राजाचे नाव वाचता येईल असा लेख या शिळांवर आज उपलब्ध नाही. त्यामुळे तर्काला मोकळे रान मिळाले आहे.

सर्वांत लोकप्रिय मत असे की हे युद्ध शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर व देवगिरीचा यादव महादेव यांच्यामधील होय. या मताचा आधार हेमाद्रीची राजप्रशस्ती आहे. हेमाद्री हा महादेवाचा मंत्री. कोकणाधिपती सोमेश्वर महादेवाच्या सैन्याला तोंड देऊ शकला नाही, हत्तींच्या मदाच्या पुरात त्याचे सैन्य बुडाले आणि महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा समुद्रातील वडवाग्नी त्याला सह्य वाटला, अशा आशयाचे वर्णन त्याने केले आहे. सोमेश्वराचे ज्ञात लेख रानवड (शके ११८१, इ.स. १२५९) व चांजे (शके ११८२, इ.स. १२६०) येथील आहेत, त्यानंतर काही वर्षांतच उत्तर कोकण यादवांकडे गेलेले दिसते. इ.स. १२७२ च्या ठाण्याच्या ताम्रपटात यादव रामचंद्राचा अधिकारी अच्युत नायक साष्टीवर शासन करीत आहे. तेव्हा इ.स. १२६५ च्या सुमारास निर्णायक युद्ध झाले याविषयी शंका नाही. प्रशस्तीत हत्ती आहेत, शिळांवर हत्ती आहेत. प्रशस्तीत समुद्र आहे, शिळांवर समुद्र आहे. आधी जमिनीवर पराभव, मग समुद्रात पाठलाग, असा क्रम सहा शिळांच्या ओळीत जणू लिहूनच ठेवला आहे. ही जुळणी मनाला मोह घालणारी आहे, हे मान्य केले पाहिजे.

परंतु तिच्यावरील आक्षेपही लहान नाहीत. पहिला आक्षेप प्रशस्तीविषयीच. क्रोधाग्नी व वडवाग्नी यांची तुलना हा संस्कृत प्रशस्तिकारांचा आवडता अलंकार आहे. त्यातून सोमेश्वर समुद्राच्या आश्रयाने गेला व तेथे त्याचा नाश झाला एवढे घेता येईल. आरमारी युद्धाचा वृत्तांत त्यातून काढणे म्हणजे अलंकाराला अहवालाची किंमत देणे होय. दुसरा आक्षेप शिळांच्या क्रमाविषयी. आज वा १८८२ साली त्या ज्या ओळीत होत्या त्याच ओळीत प्रथमपासून होत्या, आणि त्या एकाच वेळी उभ्या राहिल्या, असे मानण्यास आधार कोणता? तिसरा आक्षेप प्रस्तुत लेखकाला सर्वांत बलवान वाटतो. सोमेश्वराबरोबर शिलाहार सत्ता संपली. बुडालेल्या राजाच्या पडलेल्या सरदारांसाठी, जेत्याच्या राज्यात, दहा दहा फुटांच्या शिळा कोणी व कशासाठी उभ्या केल्या? त्या यादवपक्षाच्या वीरांच्या आहेत असे म्हणावे तर यादव हे देशावरचे राजे. त्यांनी या युद्धासाठी जहाजे कोठून मिळविली याचा पुरावा द्यावा लागेल. हत्तींविषयी म्हणावे तर ते कोणत्याही राजाच्या सैन्यात असत.

दुसरे मत या शिळांना सुमारे अडीच शतके मागे नेते. माळव्याचा परमार राजा भोज याने कोकण जिंकले होते. विक्रम संवत् १०७६ च्या, म्हणजे इ.स. १०२० च्या, त्याच्या बांसवाडा व बेटमा येथील ताम्रपटांत कोकणविजयाच्या पर्वानिमित्त दान दिल्याचे स्पष्ट सांगितले आहे. या मोहिमेत आरमाराचा उपयोग झाला असावा व एकसरचे वीर तीत पडले असावेत, असे हे मत. मात्र सहा वर्षांनंतरच्या, वर उल्लेखिलेल्या, भांडुपच्या ताम्रपटात छित्तराज साष्टीत निर्वेधपणे दान देताना दिसतो. भोजाचा विजय टिकला नाही हे उघड आहे. आणि त्या मोहिमेत समुद्रयुद्ध झाले असे त्या ताम्रपटांत कोठेही म्हटलेले नाही. जमेची बाजू एवढीच की शिलाहार सत्ता त्यानंतर टिकून राहिली, आणि म्हणून आपल्या वीरांची स्मारके करण्यास कोणीतरी शिल्लक होते.

वस्तुतः या किनाऱ्यावर समुद्रयुद्ध ही इतकी अपूर्व घटना नव्हती की त्यासाठी दोनच प्रसंगांतून निवड करावी. ऐहोळेच्या प्रशस्तीत (इ.स. ६३४) दुसऱ्या पुलकेशीने शेकडो जहाजांनिशी पुरीवर हल्ला केल्याचे वर्णन आहे. गोव्याच्या कदंबांचे सामर्थ्य तर मुख्यतः जहाजांतच होते. कदंब जयकेशी पहिला याने कवडीद्वीपाच्या, म्हणजे उत्तर कोकणाच्या, राजाचा वध केल्याचे कदंबांचे लेख सांगतात. त्यानंतर अनंतदेव शिलाहाराने देश लुटणाऱ्या शत्रूंना समुद्रात लोटले, असे त्याच्या खारेपाटण येथील ताम्रपटात (इ.स. १०९४) म्हटले आहे. हाच ताम्रपट आणखी एका दृष्टीने महत्त्वाचा आहे. भाभण श्रेष्ठी व धणाम श्रेष्ठी या दोघा बंधूंची जहाजे स्थानक, नागपूर, शूर्पारक व चेमुली, म्हणजे ठाणे, नागाव, सोपारा व चौल, या बंदरांत आली असता त्यांवरील जकात माफ केल्याची नोंद त्यात आहे. ज्या राज्याचे प्रधान स्वतःची जहाजे बाळगीत आणि ज्याच्या तिजोरीत बंदरांची जकात जमा होई, त्या राज्याला समुद्रावर लढावेच लागणार. बाराव्या शतकात चालुक्य कुमारपालाच्या सेनापतीने मल्लिकार्जुनास मारले. म्हणजे उत्तरेकडूनही स्वस्थता नव्हती.

इ.स. १०२० ते १२६५ या काळात एकसरच्या वीरांना पडावयास अनेक प्रसंग होते. त्यांपैकी १२६५ चा प्रसंग आपल्याला अधिक ठाऊक आहे, कारण तो सांगणारा हेमाद्री होता. ज्याची हकीकत उरली त्याच्याच खात्यावर प्रत्येक दगड जमा करावयाचा, ही पद्धत इतिहासलेखनास घातक आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते एकसरच्या सहाही शिळा एकाच युद्धाच्या आहेत हेच मुळात गृहीत धरू नये. एखाद्या सामंत घराण्याचे, बहुधा आरमारी अधिकार असलेल्या घराण्याचे, हे स्मारकस्थान असावे आणि दोनतीन पिढ्यांतील वीरांचे दगड तेथे क्रमाने उभे राहिले असावेत, हा पर्याय किमान तपासण्याजोगा आहे. कलशाचा घाट, वेशभूषा, जहाजांच्या नाळीची ठेवण यांत शिळाशिळांमध्ये भेद आहेत किंवा नाहीत, एवढ्यावर त्याचा निकाल लागेल. शिलाहारांचे लेख वासुदेव विष्णु मिराशी यांनी १९७७ साली एकत्र करून प्रसिद्ध केल्यापासून लेखांच्या बाजूने तुलना करणे सोपे झाले आहे. शिल्पांच्या बाजूने तसे व्हावयाचे राहिले आहे.

आणखी एक प्रश्न विचारला जातो : समुद्रयुद्धाचे स्मारक समुद्रावर नसून एकसरला का? तो भूगोलाकडे पाहिल्यास फारसा अवघड राहत नाही. शिलाहारांची राजधानी स्थानक ही साष्टीच्या पूर्व बाजूस, खाडीवर. उत्तरेकडून वसईच्या खाडीतून तेथे जाता येते आणि दक्षिणेकडूनही. पश्चिमेच्या उघड्या समुद्रातून येणारा ताफा दिसावा, त्याची वर्दी राजधानीस जावी, यासाठी मनोरी व वसई या दोन खाड्यांच्या मधल्या पट्ट्यात ठाणे ठेवणे स्वाभाविक होते. तेथील अधिकाऱ्याची वस्ती भरतीच्या रेषेपासून थोडी आत, गोड्या पाण्याच्या तळ्याजवळ असणार. एकसरला खाडी जवळ होती आणि गोडे पाणीही होते.

अर्वाचीन काळाविषयी थोडक्यात सांगता येईल. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईकडे पहिली दैनिक गाडी निघाली तेव्हा तिच्या थांब्यांत बोरिवलीचे नाव होते. पण रेल्वे आली तरी नव्वद वर्षे या पट्ट्याचे शेतकी रूप पालटले नाही. १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली आणि एकसर नगरात आले. १९९० च्या ऑक्टोबरपासून ते मुंबई उपनगर जिल्ह्यात मोडते. त्यानंतरच्या पिढीने येथे जे पाहिले ते घरबांधणीचे युग होय.

या घरबांधणीत शिळा अगदीच नष्ट झाल्या नाहीत याचे श्रेय पुरातत्त्वाच्या कायद्यापेक्षा लोकांच्या श्रद्धेला अधिक द्यावे लागते. वस्तीच्या मध्यभागी त्या देव म्हणून पूजिल्या जातात; त्यांना शेंदूर लागतो, रंग लागतो, हार पडतात. संशोधकाला शेंदराचे थर पाहून क्लेश होतात, कारण त्यांखाली वल्ही व धनुष्ये बुजत चालली आहेत. पण ज्या शिळेला शेंदूर लागला ती बांधकामाच्या पायात गेली नाही, हेही खरे. पूजा करणाऱ्यांना दूर सारून या शिळांचा अभ्यास करता येणार नाही आणि तसे करणे न्याय्यही नाही. त्यांच्या संमतीने व त्यांच्याच हातांनी एकदा थर हळुवारपणे उतरवून प्रत्येक पट्टीचे मोजमाप, छायाचित्र व ठसा घेता आला, तर वरील वादातील निम्मे प्रश्न सुटतील. तोवर १८८२ च्या गॅझेटिअरमधील वर्णन हेच आपले मुख्य साधन राहणार. आणि ते वर्णन लिहिणाऱ्याने तळ्याकाठच्या आमराईत उभे राहून, निदान वल्ही तरी, एकेक करून मोजली होती.